शेंगदाणा न चालणाऱ्या मुलासोबत जळगाव ते फ्रँकफर्ट

खानदेशात शेंगदाणा हा वेगळा पदार्थ म्हणून कुणी मोजतच नाही; मिठासारखा तो धरलेलाच असतो. भरितात दाणे, ठेच्यात दाणे, खिचडीत दाणे. उपासाच्या दिवशी तर विचारूच नका: साबुदाण्यात कूट, भगरीवर दाण्याची आमटी. बऱ्याच घरांत अजून वर्षाचं तेल घाण्यावरून काढून आणतात, तेही शेंगदाण्याचं. अशा मुलखात वाढणाऱ्या माझ्या मुलाला शेंगदाणा आणि तीळ या दोन्हींची अ‍ॅलर्जी आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याला घेऊन आम्ही त्याच्या मामाकडे जर्मनीला जाऊन आलो. जळगावहून रेल्वेने मुंबई, मुंबईहून विमानाने फ्रँकफर्ट.

हे सविस्तर लिहिते आहे, कारण अशी मुलं असलेली घरं लांबचा प्रवासच नको म्हणतात हे मी जवळून बघते. नात्यातल्या लग्नालासुद्धा बाप एकटा जातो आणि आई मुलाला घेऊन घरी थांबते. विमानाचं नाव काढलं की काहीजण म्हणतात, आभाळात काही झालं तर दवाखाना कुठून आणायचा, त्यापेक्षा जायलाच नको. दुसरे म्हणतात, तिकीट काढताना स्पेशल मील सांगून टाका, काम संपलं. मला दोन्ही पटत नाही. जाता येतं, नक्की जाता येतं. पण विमान कंपनीचं स्पेशल मील हे अ‍ॅलर्जीवरचं उत्तर नाही, एवढं आधी मनात पक्कं बसवावं लागतं.

मुलाचा त्रास कळला तो संक्रांतीच्या दिवसांत. बालवाडीत होता. चिक्कीचा तुकडा खाल्ला आणि बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, ओकारी झाली आणि छातीत घरघर सुरू झाली. जवळच्या दवाखान्यात वेळेवर पोचलो. पुढे अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे त्वचेवरची चाचणी झाली, रक्तातल्या आयजीई या प्रतिपिंडाची तपासणी झाली आणि दोन्ही नावं कागदावर आली. डॉक्टर मॅडमनी तेव्हा एक गोष्ट नीट समजावली. अ‍ॅलर्जी शेंगदाण्यातल्या प्रथिनाची असते. भाजल्याने ते निरुपद्रवी होत नाही. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या तेलात ते जवळजवळ उरत नाही, पण घाण्याच्या तेलात राहतं. म्हणजे आपण ज्याला अस्सल तेल म्हणतो तेच त्याला जास्त धोक्याचं. सासूबाईंनी त्याच आठवड्यात घाण्याच्या तेलाचा डबा नणंदेकडे पाठवून दिला आणि घरात सूर्यफुलाचं तेल आलं. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात दाणाही नाही आणि तीळही नाही.

तिकीट काढायला बसलो तेव्हा जेवणाच्या पर्यायांची लांबलचक यादी समोर आली. जगभरच्या विमान कंपन्या त्यासाठी चार अक्षरांच्या खुणा वापरतात. एव्हीएमएल म्हणजे आपल्या पद्धतीचं मसालेदार शाकाहारी, व्हीजेएमएल जैन, व्हीजीएमएल म्हणजे दूधदुभतंही नसलेलं, डीबीएमएल मधुमेह असणाऱ्यांसाठी, जीएफएमएल ग्लुटेन नसलेलं, एनएलएमएल लॅक्टोज कमी असलेलं, केएसएमएल ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेलं, एफपीएमएल नुसत्या फळांचं. यादी दोनदा वाचली की ती कुणासाठी केली आहे ते कळतं. ती धर्म पाळणाऱ्यांसाठी आणि पथ्य असणाऱ्यांसाठी आहे. शेंगदाणा, काजू, तीळ यांच्यासाठी तिच्यात जागा नव्हती. जपानच्या दोन मोठ्या कंपन्या ठरावीक अ‍ॅलर्जीचे घटक वगळून केलेलं जेवण देतात, आणखी काही कंपन्यांकडे शेंगदाणा वगळलेलं ताट असतं. आम्ही निवडलेल्या कंपनीकडे तसं काही नव्हतं.

ओळखीतल्या अनेकांनी सांगितलं, जैन जेवण सांग, ते साधं असतं. इथे खरा धोका आहे. जैन जेवणात कांदा, लसूण, कंदमुळं नसतात हे खरं, पण कांदा गेला की रस्सा दाट करायला काजूची, मगजाची किंवा दाण्याची पेस्ट येऊ शकते. ग्लुटेन नको म्हटलं की गव्हाच्या जागी बदामाचं पीठ येऊ शकतं. दूध नको म्हटलं की गोडात काजू-बदामाचं दूध येऊ शकतं. स्वयंपाकात एक जिन्नस काढला की त्याची जागा दुसरा घेतो, आणि तो दुसरा कोणता हे त्या चार अक्षरांवरून कळत नाही.

मी कंपनीच्या कॉल सेंटरला फोन केला. बोलणारी मुलगी शांत होती. तिने सांगितलं, "मॅम, अ‍ॅलर्जीची नोंद मी तिकिटावर टाकते, पण विमानात शेंगदाणा नसेलच अशी हमी आम्ही देऊ शकत नाही." मी विचारलं, जेवण बनतं कुठे? तिने सगळं सांगितलं. विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात हजारोंनी ताटं भरली जातात, थंड करून विमानात चढवली जातात, आणि वर फक्त गरम करून वाढली जातात. वाढणाऱ्यांनी ते जेवण बनताना पाहिलेलं नसतं. हमी नाही म्हटल्यावर माझे यजमान चिडले. मला मात्र ते स्वच्छ उत्तर वाटलं. शेजारच्या प्रवाशाने पिशवीत काय आणलं आहे हे कंपनीला कसं कळणार? हमी देणारी कंपनी भेटली असती तर मला जास्त भीती वाटली असती.

शेवटी मुलासाठी फळांचं ताट सांगितलं. त्यात निदान रस्सा नाही, पेस्ट नाही, जे आहे ते डोळ्यांना दिसतं. आणि खरं जेवण आपलं आपण न्यायचं ठरवलं. विमान थेट घेतलं, महाग पडलं तरी. मध्ये उतरून दुसरं विमान धरायचं म्हणजे दुसरं स्वयंपाकघर, दुसरे कर्मचारी, पुन्हा पहिल्यापासून सांगणं.

स्पेशल मीलची विनंती बहुतेक कंपन्यांकडे उड्डाणाच्या किमान २४ तास आधी पोचावी लागते, काहींकडे ४८ तास. ती जाण्यासाठी वेगळी आणि येण्यासाठी वेगळी असते. आमचं तिकीट गावातल्या एजंटने काढलं होतं. त्याच्या कॉम्प्युटरवर दोन्हीकडे फळांचं ताट दिसत होतं. मी कंपनीला विचारलं तर त्यांच्याकडे जाण्याच्या प्रवासात नोंद होती, येण्याच्या नव्हती. म्हणून एजंटचा शब्द कितीही भरवशाचा असला तरी कंपनीकडून लेखी घ्या. मी ईमेल मागवला, छापून घेतला आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवला.

आता औषधाचं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सेटिरिझिनसारख्या गोळीने खाज आणि गांधी कमी होतात. घसा आवळला, श्वास अडकला, रक्तदाब पडला तर तिचा उपयोग नाही. तिथे पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिनच. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत, वेळ न घालवता. पाच-एक मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस. रुग्णाला आडवं करून पाय वर घ्यायचे, उभं करायचं नाही, चालवायचं नाही; श्वास फारच लागत असेल तर पाय लांब करून बसू द्यायचं. बरं वाटलं तरी काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून नंतर देखरेख हवीच. परदेशात पेनसारखं ऑटो-इंजेक्टर मिळतं, टोपण काढून मांडीवर दाबलं की ठरलेला डोस जातो. आपल्याकडच्या औषधाच्या दुकानांत ते सहज मिळत नाही. आम्हाला अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची छोटी कुपी, आणि सिरिंज यांवरच भिस्त ठेवावी लागली. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध असतं आणि वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम द्यायचं असतं, म्हणजे २५ किलोच्या मुलाला पाव मिलिलिटर. पण हा आकडा ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवा. मॅडमनी आम्हा दोघांना साध्या पाण्याचं अँप्यूल फोडायला लावलं, सिरिंजमध्ये पाणी ओढायला लावलं, मापायला लावलं आणि संत्र्यात टोचायला लावलं. पहिल्यांदा माझे हात थरथरत होते. मग घरी रोज रात्री सराव केला, डोळे मिटून सांगता येईल इतका.

मॅडमनी इंग्रजीत पत्र दिलं. मुलाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, कशाची अ‍ॅलर्जी, कोणती औषधं, त्यांची कंपनीची नावं न देता मूळ नावं, आणि सुई-सिरिंज विमानात जवळ ठेवणं का गरजेचं आहे ते. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. एक प्रत माझ्याकडे, एक यजमानांकडे.

आणि आपला मे महिना. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अ‍ॅड्रेनालिन २५ अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. उष्णतेने आणि उजेडाने ते खराब होतं, गुलाबी किंवा तपकिरी झाकेवर गेलं तर वापरायचं नाही. गोठलेलंही चालत नाही, म्हणून बर्फात ठेवायचा विचार सोडून दिला. मधुमेहाचे रुग्ण इन्सुलिनसाठी पाण्यात भिजवून वापरायची थैली घेतात, ती घेतली. स्टेशनवर रिक्षाने जातानाही ती थैली मांडीवर होती. सामानात, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत, हे औषध कधीच द्यायचं नाही. तिथे ते आपल्या हाताशी राहत नाही आणि बॅग चुकली तर औषधही गेलं.

डब्याची तयारी सुरू झाली तशी सासूबाईंची चिंता बाहेर आली. त्या यावलकडच्या. म्हणाल्या, "मंग पोरगं तठी खाईन काय?" मी म्हटलं, "आई, तिथं मामी करून घालेल, प्रश्न वाटेतला आहे." मग त्या कामालाच लागल्या.

डबा असा हवा होता की गार खाता येईल, सांडणार नाही आणि दिवसभर टिकेल. विमानात बाहेरचं जेवण गरम करून मिळेल किंवा फ्रीजमध्ये ठेवतील असं धरून चालायचं नाही; बहुतेक कंपन्या दोन्ही करत नाहीत. शिवाय हातातल्या बॅगेत पातळ पदार्थ एका बाटलीत १०० मिलिलिटरच्या वर चालत नाहीत, आणि चटणी, दही, लोणच्याचा खार हेही त्यात मोजतात. म्हणून दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, डाळ्यांचा चिवडा आणि केळी. भाजी पहिल्या जेवणासाठी, रेल्वेतच संपवायची. दशम्या आणि पुऱ्या विमानासाठी. उन्हाळा असल्याने बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे दिवस होते. बिबड्यांत तीळ घालतातच, सासूबाईंनी या वर्षी त्याचे वेगळे घातले, नुसत्या लसूण-जिऱ्याचे. काळा मसाला आम्ही कांडपावर देत नाही. एक तर त्यात तीळ असतो, आणि आपला तीळ काढला तरी त्याच यंत्रात आधीच्या बाईचे तीळ-दाणे कुटून गेलेले असतात. तो घरीच मिक्सरवर होतो. केळीचे वेफर्ससुद्धा घरी तळले. जळगावात राहून वेफर्स विकत न घेणं अवघड आहे, पण दुकानातल्या कढईत काय काय तळून निघालं आहे ते सांगता येत नाही.

दूर निघालेल्याच्या हातात काहीतरी द्यायचं ही आपल्याकडची रीत. जाऊबाई लाडू घेऊन आल्या, शेजारच्या काकू चिवडा घेऊन आल्या. दोन्हींत दाणे. पूर्वी मला अशा वेळी संकोच व्हायचा. आता मी माणसाला घरात बोलावते, पाणी देते आणि सरळ सांगते की हे आम्ही मोठे आवडीने खाऊ, पण डबा इथं उघडणार नाही आणि प्रवासात नेणार नाही, कारण याच बॅगेत त्याचे हात जाणार आहेत. काकूंना वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बागेतले केळ्यांचे घड घेऊन आल्या.

त्या केळ्यांनी एक प्रश्नही सोडवला. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत, आणि १४ डिसेंबर २०१९ पासून ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. फक्त पाच फळांना त्यातून सूट आहे: केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे पेरू-आंबा उतरण्यापूर्वी संपवायला हवा, केळं मात्र उतरल्यावरही पिशवीत चालतं. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहेच, पण ते माझ्या मुलासाठी इतकं सोयीचं निघेल असं वाटलं नव्हतं.

रेल्वेच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की विमानापेक्षा डब्यात जास्त सावध राहावं लागलं. खारे दाणे विकणारे येत-जात होते, बाकाखाली टरफलं होती. बाक ओल्या पुसणीने पुसला, त्यावर घरची चादर. हात मात्र साबणाने धुवायचे. शेंगदाण्याचं प्रथिन साबण-पाण्याने आणि ओल्या वाइप्सने निघतं. सॅनिटायझरने निघत नाही, नुसत्या पाण्यानेही नीट निघत नाही. करोनापासून सगळ्यांच्या पिशवीत सॅनिटायझर असतो आणि तो लावला की हात स्वच्छ झाले असं वाटतं. जंतूंसाठी ते ठीक आहे, यासाठी नाही.

मुंबईत सुरक्षा तपासणीला मी पिशवी उघडण्याआधीच पत्र पुढे केलं. जवानाने वाचलं, वरिष्ठांना दाखवलं, सिरिंज बघितल्या आणि जाऊ दिलं. दशम्यांचा डबा क्ष-किरण यंत्रातून गेला. फार वेळ लागला नाही.

आतल्या दुकानांतलं काही घ्यायचं नाही हे मुलाला आधी सांगून ठेवलं होतं, आणि कारणही सांगितलं होतं. २०१६ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर नताशा एदनान-लापेरूज नावाच्या १५ वर्षांच्या मुलीने एक सँडविच घेतलं. पावाच्या पिठातच तीळ मळलेला होता, वरून दिसत नव्हता, आणि वेष्टणावर लिहिलेला नव्हता. तिला तिळाची अ‍ॅलर्जी होती. फ्रान्सला जाणाऱ्या विमानात त्रास सुरू झाला, वडिलांनी तिला अ‍ॅड्रेनालिनची दोन इंजेक्शनं दिली, तरी ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये दुकानातच बनवून, बांधून ठेवलेल्या खाण्यावरही सगळे घटक लिहिणं कायद्याने बंधनकारक झालं. मुलाला मी शेवट सौम्य करून सांगितला. मोठ्यांना मात्र तसाच सांगते. तीळ दिसला नाही म्हणजे नाही असं होत नाही.

गेटवर विनंती केल्यावर आम्हाला लवकर आत सोडलं. ती काही मिनिटं फार मोलाची. ट्रे दोन्ही बाजूंनी पुसला, हातांचे दांडे, पट्ट्याचं बक्कल, समोरचा पडदा, खिडकीची झाप, रिमोट. सीटवर चादर टाकली. मुलाला खिडकीशी बसवलं, म्हणजे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मी. औषधाची थैली वरच्या कप्प्यात न ठेवता पायाशी. मग प्रमुख हवाईसेविकेला पत्र दाखवलं, थैली दाखवली आणि कुठे आहे ते सांगितलं. तिने एक सरळ गोष्ट सांगितली: पेयांसोबत आज मिश्र नटांची पाकिटं आहेत. ती आमच्या मागच्या-पुढच्या रांगांत वाटणार नाही, पण पूर्ण विमानात बंद करू शकत नाही. अमेरिकेच्या साउथवेस्ट कंपनीने १ ऑगस्ट २०१८ पासून विमानात शेंगदाणे देणंच बंद केलं. सगळ्यांनी तसं करावं असं मला मनापासून वाटतं. पण ते होईपर्यंत घाबरून बसायचं नाही. विमानातली हवा बारीक कण धरणाऱ्या गाळण्यांतून फिरते, आणि दूरवर कुणी पाकीट उघडल्याने वासाने मोठा झटका येण्याची शक्यता फार कमी असते. खरा धोका हाताला लागून तोंडात जाण्याचा. म्हणून पुसणं महत्त्वाचं.

माझ्या दुसऱ्या बाजूला धुळ्याकडचे काका-काकू होते, मुलीकडे निघालेले. विमान वर गेलं, काकूंनी डबा काढला आणि झाकण उघडण्याआधीच मला कळलं त्यात काय असणार. मी म्हटलं, "काकू, एक विनंती आहे. माझ्या मुलाला शेंगदाण्याने श्वास अडकतो. डब्यात दाण्याची चटणी असेल तर ती बंद राहू द्याल का?" काकूंचा हात थांबला. काका म्हणाले, "अहो ताई, आधी सांगायचं ना, आम्ही लोणच्याशी खाऊ." चटणीचा डबा त्यांनी पिशवीत बांधून ठेवला, लोणच्याशी भाकरी खाल्ली, आणि नंतर मी न सांगता उठून दोघेही साबणाने हात धुऊन आले. गेल्या कित्येक वर्षांत मला भेटलेली ही सगळ्यात मोठी माया आहे. लोक समजून घेत नाहीत अशी आपली भीती असते. घेतात. काय होतं आणि काय करायचं हे एका वाक्यात सांगावं लागतं. नुसतं 'अ‍ॅलर्जी आहे' म्हटलं की बऱ्याचजणांना शिंका आठवतात. 'श्वास अडकतो' म्हटलं की कळतं.

पण काकूंना पोराला काहीतरी द्यायचंच होतं. त्यांनी बिस्किटांचा न उघडलेला पुडा काढला. आम्ही दोघींनी मिळून तो वाचला. आपल्याकडे २०२० च्या नियमांप्रमाणे पुड्यावर अ‍ॅलर्जीचे घटक वेगळे लिहावे लागतात: ग्लुटेनची धान्यं, कवचाचे जलचर, अंडी, मासे, शेंगदाणे आणि नट, सोया, दूध, सल्फाइट. तीळ या यादीत नाही. युरोपच्या १४ घटकांच्या यादीत आहे. म्हणून भारतीय पुडा असेल तर खालची ठळक ओळ वाचून थांबायचं नाही, वरची घटकांची पूर्ण यादी वाचायची. त्यात तीळ नव्हता, शेंगदाण्याचा अंश असू शकतो असंही लिहिलेलं नव्हतं. मुलाने बिस्किट खाल्लं आणि काकू माझ्यापेक्षा जास्त खूश झाल्या.

स्पेशल मील सगळ्यांच्या आधी येतं. मुलाचं ताट आलं, त्यावर सीट क्रमांकाची आणि एफपीएमएलची चिठ्ठी होती. कलिंगड, पपई, अननस, द्राक्षं. आणि ताटाच्या कडेला एक पाव. वर पांढरे तीळ. वेष्टण नव्हतं, ट्रे हातात घेतला तेव्हाच तिळाचे चार दाणे सुटून फळांच्या वाटीत पडलेले दिसले. मी ताट मुलाच्या समोर जाऊ न देता तसंच परत दिलं. हवाईसेविकेचा चेहरा उतरला. तिची चूक नव्हती. फळांचं ताट म्हणून नोंद असलेल्या ट्रेवरही, इतरांच्या ट्रेवर ठेवतात तसा पाव कुणीतरी ठेवला होता. ज्या स्वयंपाकघरात तो ठेवला गेला तिथे त्या चार अक्षरांचा अर्थ 'फळं खाणारा प्रवासी' एवढाच होता, 'तीळ खाल्ला तर जिवावर बेतणारं मूल' असा नव्हता. तिकिटावरची अ‍ॅलर्जीची नोंद त्या टेबलापर्यंत गेलेलीच नसावी.

मुलाने दशमी खाल्ली, पुरी खाल्ली, केळं खाल्लं, सिनेमा बघितला आणि झोपला. साधारण नऊ तासांच्या प्रवासात त्याला कशाचीच कमी पडली नाही. मी मात्र जागीच होते.

जर्मनीतल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथलं सोपं होतं. पाकिटावर घटकांच्या यादीतच अ‍ॅलर्जीचे घटक ठळक छापलेले असतात. दादाने जर्मन भाषेत एक कार्ड करून दिलं होतं. हॉटेलात ते आत स्वयंपाक्यापर्यंत न्यायला सांगायचं. मोठ्या माणसासारखा मेनू वाचत मुलगा बसायचा, ते बघून मला फार बरं वाटायचं. आपत्कालीन क्रमांक तिथे ११२, आपल्याकडेही ११२, तो त्याने पाठ केला.

परत येताना कंपनीने विमानाची वेळ बदलली. वेळ बदलली, नवीन नोंद झाली आणि फळांच्या ताटाची विनंती त्यात आलीच नाही. हे वरचेवर होतं असं नंतर एजंटनेही सांगितलं. वेळ बदलल्याचा संदेश आला की जेवणाची आणि अ‍ॅलर्जीची नोंद पुन्हा विचारून घ्यावी. मामीने सगळ्या प्रवासाला पुरेल इतक्या पुऱ्या आणि दशम्या करून दिल्या होत्या, त्यामुळे आमचं काही अडलं नाही. जेवण वाटायला आलेल्या हवाईसेविकेने मुलासमोर साधं शाकाहारी ताट धरलं. मी बोलणार तेवढ्यात त्यानेच इंग्रजीत विचारलं, यात शेंगदाणे किंवा तीळ आहेत का? ती म्हणाली, बघून सांगते. आत जाऊन आली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, माझ्याकडे घटकांची यादी नाही. तो म्हणाला, मग नको, थँक्यू, आणि माझ्याकडे डब्यासाठी हात केला.

जळगावला आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिलं. तक्रार म्हणून नाही, मागणी म्हणून. फळांच्या ताटावर पाव ठेवू नका, आणि ठेवायचाच असेल तर वेष्टणात ठेवा. तिकिटावर अ‍ॅलर्जीची नोंद असेल तर ती स्वयंपाकघराच्या चिठ्ठीवरही छापा. सोबत त्या ट्रेचा फोटो जोडला, जो मी परत देण्याआधी काढून ठेवला होता. सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे असं उत्तर आलं. दिवाळीनंतर पुन्हा मामाकडे जायचं घाटतं आहे; तिकीट काढताना तो पत्रव्यवहार पुढे करून चिठ्ठीचं काय झालं हे मी विचारणार आहे. अँप्यूलची मुदत त्याआधी संपते, नवीन आणायची आहेत.